स्वल्पविराम की टिंब? सबटायटलच्या वेळेबद्दल एक तक्रार

सबटायटलवरच्या शोधनिबंधांत "फाइलमधून वेळा काढून घेतल्या" अशा अर्थाचं एखादं वाक्य असतं. ते वाचून तुम्ही पुढे जाता. मीही जायचो. आता तिथेच थांबतो.

एसआरटी फाइल उघडून बघा. ००:०१:०२,५०० असं काहीतरी दिसेल. सेकंदांनंतर स्वल्पविराम, कारण सबरिप हा प्रोग्राम मूळचा फ्रान्सचा आणि तिकडे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविरामच चालतो. वेबव्हीटीटीत तिथे टिंब, शिवाय तास लिहिले नाहीत तरी चालतं. एएसएसमध्येही टिंबच, पण त्यापुढे दोनच आकडे, सेकंदाचे शंभरावे भाग.

आपण काय करतो? एक सैल रेजेक्स लिहितो: स्वल्पविराम किंवा टिंब, पुढे कितीही आकडे. ते आकडे सरळ मिलिसेकंद म्हणून घ्यायचे. मग एएसएसमधला '.५०' अर्धा सेकंद न राहता ५० मिलिसेकंद होतो. प्रोग्राम कुठेच अडखळत नाही, हीच पंचाईत! चूक शून्यापासून जवळजवळ ०.९ सेकंदापर्यंत, ओळीगणिक वेगळी. त्यामुळे ती चूक वाटतच नाही, डेटातला गोंगाट वाटते. आवाज आणि मजकूर जुळवताना मी तीन आठवडे मॉडेललाच शिव्या घालत होतो.

पायथनचं स्ट्रपटाइम वापरलं तर हा घोळ टळतो, ते उजवीकडे शून्यं भरून घेतं. पण ते घड्याळासाठी आहे. उत्तराला १ जानेवारी १९०० ही तारीख चिकटून येते आणि तास २३ च्या पुढे गेला की ते बंद पडतं. कालावधी म्हणजे तारीख नव्हे. पूर्णांक मिलिसेकंद ठेवा, प्रत्येक फॉरमॅटला वेगळा पार्सर लिहा, आणि साच्यात न बसणाऱ्या ओळीवर प्रोग्राम थांबू द्या.

मायक्रोडीव्हीडीची गत आणखी वाईट. तिथे वेळ नसतेच, फ्रेमचा क्रमांक असतो. २५० वी फ्रेम म्हणजे २५ च्या दराने १० सेकंद, २३.९७६ च्या दराने १०.४३. दोन तासांच्या सिनेमात हा फरक पाच मिनिटांवर जातो. म्हणून अशा फाइलींवरचा निबंध हातात आला की मी आधी फ्रेमदर शोधतो. तो दिलेला नसेल, तर निकालांचा तक्ता बघायची मला घाई नसते.