ध्वज, अर्थ आणि अर्थाचा अधिकार

राष्ट्रध्वजाची निवड ही राजकीय घटना म्हणून इतिहासात नोंदली जाते. तिच्यातील अर्थनिर्णयनाच्या व्यवहाराकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपल्याकडे परिचित आहे. हा यादृच्छिक संबंध बंधनकारक कोण ठरवतो, हा प्रश्न ध्वजाच्या संदर्भात विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. त्या दृष्टीने 1848 चे पॅरिस आणि 1931 ची मुंबई यांचा एकत्र विचार करता येईल.

फेब्रुवारी 1848 मध्ये लुई फिलिपची राजवट कोसळली. 25 तारखेला नगरभवनासमोर जमलेल्या सशस्त्र कामगारांनी लाल निशाण हेच प्रजासत्ताकाचे निशाण व्हावे, अशी मागणी केली. हंगामी सरकारच्या वतीने त्यांना सामोरा गेला तो कवी लामार्तीन. तिरंगा जगभर फिरून आला आहे, लाल निशाण मात्र जनतेच्या रक्तात माखून शाँ द मार्सच्या मैदानापुरतेच फिरले, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. या युक्तिवादाला ऐतिहासिक आधार होता. 1789 च्या लष्करी कायद्यानुसार लाल निशाण हे सत्तेचे चिन्ह होते. ते दिसताच जमावाने पांगावे, असा संकेत होता. 17 जुलै 1791 रोजी शाँ द मार्सवर गोळीबार झाला तो याच निशाणाखाली. पुढे, विशेषतः 1832 च्या उठावात, बंडखोरांनी ते सत्तेच्या हातून काढून आपलेसे केले. लामार्तीनने हा दुसरा अर्थ बाजूला सारून पहिला पुन्हा प्रस्थापित केला. जमावाचेच चिन्ह त्याने जमावाला परके करून दाखवले. तिरंगा कायम राहिला. तडजोड म्हणून ध्वजदंडावर लाल फितीचे फूल लावण्याचे ठरले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये प्रजासत्ताकाच्या फौजांनी कामगारांचा उठाव चिरडला.

आपल्याकडे 1921 पासून प्रचारात असलेल्या ध्वजातील लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर धर्मीयांचा, असा अर्थ रूढ झाला होता. त्यावर शिखांसह अनेकांनी आक्षेप घेतले. एप्रिल 1931 मध्ये काँग्रेसने सात सदस्यांची समिती नेमली. तीत ना. सु. हर्डीकर होते, तसेच काका कालेलकर. त्यांचे आडनाव ज्या कालेली गावावरून आले ते आचऱ्याप्रमाणेच आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. समितीने चरखांकित, एकरंगी केशरी ध्वज सुचवला. ऑगस्टमध्ये मुंबईत भरलेल्या महासमितीने ही शिफारस फेटाळली, केशरी, पांढरा व हिरवा हे तीन रंग स्वीकारले आणि त्यांना सांप्रदायिक अर्थ नाही, असे जाहीर केले. केशरी धैर्य व त्याग यांचा, पांढरा शांतता व सत्य यांचा, हिरवा श्रद्धा व शौर्य यांचा द्योतक ठरला.

समितीने चिन्हक बदलून वाद मिटवू पाहिला, महासमितीने प्रामुख्याने चिन्हित बदलून. समितीचा केशरी तरी अर्थमुक्त होता काय? आचऱ्यापासून पंढरपूरपर्यंत देवळांवर आणि दिंड्यांत दिसणाऱ्या भगव्याच्या स्मृतीतूनच मराठी वाचक त्याचे वाचन करणार. म्हणजे एकरंगी ध्वजानेही संदर्भांचा प्रश्न सुटत नव्हता. महासमितीच्या ठरावाचे महत्त्व असे की, अर्थ हा निर्णयाने घडतो, हे त्याने उघडपणे मान्य केले. लामार्तीनने स्वतःचा निर्णय इतिहासाचा निवाडा म्हणून मांडला. त्यामुळे त्याच्याशी वाद घालणे म्हणजे इतिहास नाकारणे ठरले.

तथापि महासमितीच्या ठरावाचीही मर्यादा आहे. ज्यांच्या आक्षेपांमुळे नवा अर्थ द्यावा लागला, त्यांचा मागमूस त्या अर्थात उरला नाही. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने ध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी अशोकचक्र आले आणि राधाकृष्णन यांनी रंगांचे आणखी एक विवरण केले. रंगांची धर्मवार वाटणी करणारे जुने वाचन मात्र लोकव्यवहारात टिकून राहिले. अधिकृत भाष्य या वाचनाला चूक ठरवते. समीक्षेने मात्र ते निकाली न निघालेल्या वादाचा पुरावा म्हणून तपासले पाहिजे. पॅरिसच्या ध्वजदंडावरील लाल फितीला हरलेल्यांचे समाधान करण्यापलीकडे फारसे मोल नव्हते. पण ध्वजाविषयी वाद झाला होता, एवढी नोंद तरी तिने ध्वजापाशीच ठेवली.