दुभाष्याचा मान

अनुवादाची स्तुती करण्यासाठी मराठीत एक वाक्य ठरून गेले आहे : ‘हा अनुवाद वाटतच नाही.’ परीक्षणात ते येते, सत्काराच्या भाषणात येते आणि मानपत्रात तर हमखास येते. नीट पाहिले तर ह्या वाक्याने अनुवादकाला शाबासकी मिळत नाही; तो तेथे नव्हताच, असा दाखला मिळतो. सुताराने केलेल्या दाराला ‘हे दार वाटतच नाही’ असे कोणी म्हणत नाही.

मी सोलापुरात सात रस्त्याला राहतो. तेथे थोडा वेळ उभे राहिले की मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा कानावर पडतात. अशा गावात अनुवाद हा केवळ ग्रंथालयातला विषय राहत नाही. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. त्यांनी बाराव्या शतकात वचने रचली ती कन्नडात. गड्ड्याच्या यात्रेला जाणाऱ्या मराठी भक्तापर्यंत ती पोचावयाची तर मध्ये कोणीतरी उभे राहावेच लागते. तो जो मध्ये उभा राहतो त्याच्या कामाचे मोल आपण कसे करतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

शेजारच्या भाषेतून अनुवाद करणे सोपे, अशी एक समजूत आहे. माझे मत उलट आहे. ‘अवसर’ हा एकच शब्द घ्या. मराठीत तो संधी किंवा वेळ. कन्नडात ‘अवसर’ म्हणजे घाई. आणि तेलुगूत ‘अवसरम्’ म्हणजे गरज. हिंदीत ‘उपन्यास’ म्हणजे कादंबरी, तर कन्नडात तेच व्याख्यान. परका शब्द निदान परका म्हणून समोर येतो व आपण कोश उघडतो. ओळखीचा चेहरा घेऊन आलेला शब्द मात्र सरळ घरात शिरतो.

शब्दांचे जे होते तेच चालीरीतींचेही. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ ही कादंबरी कन्नडात १९६५ साली आली आणि उमा कुलकर्णी यांनी ती मराठीत आणली. नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री, त्यांची विधवा सून कात्यायनी, तिचे पुन्हा शिकू लागणे व पुन्हा लग्न करणे, हा विषय मराठी वाचकाला नवा नव्हता. हरिभाऊ आपट्यांपासून आपण तो वाचीत आलो. खरी अडचण तेथेच होती. शतकभराच्या सुधारणावादी लेखनाने ‘सोवळे’, ‘श्राद्ध’, ‘वंश’ ह्या शब्दांना आपल्याकडे एक तिरकस धार आली आहे. ती धार अनुवादात उतरली असती तर श्रोत्री हे नुसते कर्मठ सासरे झाले असते आणि कादंबरीतला तोल गेला असता. उमाताईंनी हे शब्द टाळले नाहीत आणि त्यांना उपहासाचा वासही लागू दिला नाही. कात्यायनीविषयी कळवळा वाटत असतानाच श्रोत्रींपुढे मान लवते, ती ह्यामुळे. ह्या कामगिरीला ‘ओघवती भाषा’ एवढेच म्हणून थांबणे हा आळस आहे.

त्यांची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवीत आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहीत. म्हणजे हा अनुवाद डोळ्यांनी नव्हे, कानांनी झाला. ग्रंथाचा अनुवादक आणि बोलण्याचा दुभाषी ह्यांत आपण जी भिंत घालतो ती येथे उरत नाही.

साहित्य अकादमीचे ग्रंथपुरस्कार १९५५ पासून दिले जाऊ लागले; अनुवादासाठी वेगळा पुरस्कार १९८९ साली सुरू झाला. उमाताईंच्या ‘वंशवृक्ष’ला तो मिळाला, हे योग्यच झाले. मधली चौतीस वर्षे मात्र बोलकी आहेत. आजही मूळ लेखकाला १ लाख आणि अनुवादकाला ५० हजार, असे मोजमाप आहे. तिकडे विलायतेत आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक २०१६ पासून एकेका पुस्तकाला दिले जाते आणि ५० हजार पौंड लेखक व अनुवादक यांच्यात सारखे वाटतात. २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथा आणि दीपा भास्ती यांचा इंग्रजी अनुवाद यांना तो मान मिळाला. वाटणी मला पटते. परंतु तेथेही परीक्षकांपुढे असते ते इंग्रजी पुस्तकच. मूळ पुस्तक शेजारी ठेवून पाहिल्यावाचून दिलेला मान हा दिलदारपणा होईल. पारख होणार नाही.

दुभाष्याला तर तेवढेही मिळत नाही. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडेनचे नाव शाळेतली मुले पाठ करतात. त्याच्या सोबत दुभाषी म्हणून नारायण शेणवी होता, हे किती जणांना माहीत असते?

आमच्या वर्गात असे दुभाषी दरवर्षी असतात. पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या एक तेलुगू बाई एकदा मुलाला घेऊन आल्या. मुलाची तक्रार मी मराठीत सांगावयाची आणि त्यानेच ती आईला तेलुगूत समजावून द्यावयाची, असा प्रसंग. बाईंचा चेहरा उतरत गेला, त्यावरून पोराने काही गाळले नाही हे मला कळले. शेवटी आईचे बोलणे त्याने मला सांगितले : “सर, आई म्हणते, मारा, पण शाळेतून काढू नका.” स्वतःच्या विरुद्ध जाणारे शब्द असे जसेच्या तसे पोचविणे, ह्याला मी अनुवादाची पहिली कसोटी समजतो. ओघवतेपणाचा विचार त्यानंतर.

म्हणून माझे मागणे साधे आहे. अनुवादाच्या पुरस्काराला दोन्ही भाषा जाणणारे परीक्षक असावेत, आणि मानपत्रात निदान एक जागा दाखवावी : येथे वाट अवघड होती आणि अनुवादक ती अशी चालला. असे परीक्षक शोधावयाला फार लांब जावे लागणार नाही. मराठीत शिकलेले आणि घरी कन्नड वा तेलुगू बोलणारे वाचक आमच्या सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. त्यांना अजून कोणी विचारलेले नाही.