जहाजावरील अभिजात संगीत : एक परामर्श

वर्धेच्या खोऱ्यातील कापूस गाठी बांधून रेल्वेने मुंबईस आणि मुंबईच्या धक्क्यावरून लिव्हरपूलच्या बाजारास रवाना होत असे, आणि ‘हिंगणघाट’ हे नाव त्या बाजारात कापसाच्या एका वाणाचे नाव म्हणून व्यापाऱ्यांच्या तोंडी बसलेले होते. त्या व्यापाराच्या उत्तरकाळात त्याच लिव्हरपूल शहरी ब्लॅक बंधूंची एक पेढी आगबोटींना वादक पुरविण्याचा मक्ता घेऊन बसली होती. त्याच खोऱ्यातील आमच्या पुलगावच्या फलाटाचा आणि अटलांटिकवरील संगीताचा संबंध जोडावयाचाच झाला तर तो एवढाच, आणि तोही व्यापारी स्वरूपाचा. परंतु त्या पेढीने वादकांशी जो व्यवहार केला तो ध्यानी घेतल्यावाचून आजच्या पर्यटन-जहाजांवर अभिजात संगीताची जी अवस्था आहे तिचे मूळ सापडावयाचे नाही.

‘टायटॅनिक’ जहाजावर या पेढीने पुरविलेले 8 वादक होते. पाच जणांचा एक संच आणि तिघांचा दुसरा. जहाज-कंपनीच्या छापील पुस्तिकेत 352 रचना होत्या आणि उतारूने क्रमांक सांगताच ती रचना वादकांनी सुरू करावी अशी अपेक्षा असे. पूर्वी जहाज-कंपनीकडून थेट मेहनताना घेणाऱ्या वादकास दरमहा साडेसहा पौंड मिळत. ब्लॅक बंधूंचा मक्ता होताच ते 4 पौंडांवर आले. 15 एप्रिल 1912 च्या पहाटे वादकांचा प्रमुख वॉलेस हार्टली आणि त्याचे सातही सहकारी जहाजाबरोबर बुडाले, ही कथा जगभर गायिली गेली आहे. परंतु त्यांची नावे दुसऱ्या वर्गाच्या उतारूंत दाखल असल्यामुळे ते जहाजाचे नोकर ठरले नाहीत, त्यांच्या कुटुंबीयांना नोकराची म्हणून नुकसानभरपाई मिळाली नाही, आणि जॉक ह्यूम या अवघ्या 21 वर्षांच्या व्हायोलिनवादकाच्या पित्याकडे पेढीने मुलाच्या गणवेशाच्या बाकीचे बिल धाडले, ही हकीकत त्या मानाने फार थोड्यांस ठाऊक आहे. मला या प्रकरणात करुणेपेक्षा निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. जहाजावरचा वादक हा धड खलाशी नाही, धड पाहुणा नाही आणि धड कलावंतही नाही, अशी जी त्याची स्थिती तेव्हा ठरून गेली ती पुढे मामूल म्हणून चालू राहिली. आणि जेथे कलावंताचा दर्जाच अनिश्चित, तेथे कलेचा दर्जा निश्चित कसा राहावा?

आपल्याकडे या व्यवसायाचा इतिहास बव्हंशी गोव्याचा आहे. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मंडळी मुलांना धर्मपाठाबरोबर स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत. ही मुले मोठी झाली की पोटासाठी मुंबईस येत, धोबीतलाव-गिरगावच्या आसपास आपापल्या गावाच्या नावाने चाललेल्या कुडींत उतरत, आणि भिंतीशी पेट्या लावून, कोपऱ्यातल्या वेदीपुढे संध्याकाळची प्रार्थना म्हणत, पुढल्या बोटीची वाट पाहत दिवस काढीत. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर आचारी, बटलर आणि स्ट्यूअर्ड म्हणून या तारवटींची, म्हणजे गोवेकर दर्यावर्दींची, मोठी भरती होई, आणि ज्यांचा हात वाद्यावर चाले त्यांतले काही बोटींवरच्या बँडांत जात. याच गोवेकरांच्या बांधवांनी मुंबईची हॉटेले सांभाळली, मेहली मेहता यांनी 1935 साली स्थापिलेल्या बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रामध्ये हजेरी लावली आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात स्वरलिपीची ओळख नसलेल्या संगीत-दिग्दर्शकांच्या चाली कागदावर उतरवून दिल्या. या परंपरेच्या अंगी केवढे सामर्थ्य होते याचा अंदाज मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्या कार्यावरून बांधता येतो. हिंदुस्थानी रागांवर आधारलेल्या आपल्या रचना त्यांनी 1958 साली मुंबईत पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून सादर करविल्या. बोटीवर मात्र त्याच गावांतून, त्याच शाळांतून आलेल्या माणसांच्या वाट्यास नाचाच्या ठेक्यापलीकडचे काही आले नाही, कारण तेथे श्रोता म्हणून कोणी बसतच नव्हते.

आजच्या मोठ्या पर्यटन-जहाजावरचा एक सामान्य प्रसंग पाहू. मध्यभागी चार मजले उंच चौक, त्यात वर-खाली करणाऱ्या काचेच्या लिफ्टी, एका अंगास मद्यालय, दुसऱ्या अंगास घड्याळांचे दुकान. आणि या साऱ्याच्या मधोमध, जमिनीस पक्का जखडलेला पियानो, एक व्हायोलिन आणि एक चेलो. पाऊण तासाचे एक सत्र, अशी दिवसाकाठी तीन-चार सत्रे, करार काही महिन्यांचा. शूबर्टच्या रचनेतील संथ भाग चालला असता, चेलोवादक खालच्या तारेवरून हळूहळू वर येत असता, भोंग्यातून सोडतीच्या खेळाची घोषणा होते. वादक थांबत नाहीत, कारण थांबण्याची मुभा नसते, आणि घोषणा संपेपर्यंत तो स्वर संपून गेलेला असतो. हे वादक बहुधा उत्तम शिक्षण घेतलेले असतात. त्यांच्या ठायी उणीव नाही. उणीव आहे ती व्यवस्थापनाच्या हिशोबात, की ज्या हिशोबात संगीत हे आसने भरलेली ठेवण्याचे आणि पेले रिकामे करविण्याचे साधन म्हणून जमा धरलेले असते.

याउलट जेथे ऐकण्यास स्वतंत्र वेळ आणि स्वतंत्र जागा दिली गेली तेथे जहाजावरही श्रेष्ठ संगीत नांदले आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून फ्रान्सच्या पाके कंपनीने भूमध्य समुद्रात जे संगीतमहोत्सव चालविले, आणि जे पुढे ‘मेरमोझ’ या जहाजाच्या नावाने ख्यातकीर्त झाले, त्यांत रोस्त्रोपोविच, आयझॅक स्टर्न, रामपाल अशा थोर वादकांनी भाग घेतला. तेथे उतारू जहाजासाठी येत नसत, गाणे-वाजविणे ऐकण्यासाठी जहाजावर चढत. अलीकडे, 2016 साली, हॉलंड अमेरिका कंपनीने न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरशी करार करून पाच वादकांचे संच आपल्या जहाजांवर तैनात केले. दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि पियानो. प्रतिष्ठित संस्थेचे नाव पाठीशी उभे राहताच वादकाचा दर्जा कसा पालटतो, त्याचे हे चांगले उदाहरण होय.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मुंबईच्या बॅलार्ड पियरवर नवे क्रूझ टर्मिनल उभे राहिले आहे. 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करीत आले आहे. आणि आमच्या पुलगावसारख्या गावातूनही रात्रीच्या गाडीने मुंबई गाठून या सफरीस जाणारी मध्यमवर्गीय जोडपी आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. त्यांना जहाजावर मिळते ते चित्रपटगीतांवरील नृत्य, जादूचे प्रयोग, डीजेचा कल्लोळ. त्या करमणुकीशी माझे भांडण नाही. परंतु ज्या प्रदेशाने वसंतराव देशपांडे यांच्यासारखा गायक दिला, मूर्तिजापूरला जन्मून ज्याने नागपुरास शंकरराव सप्रे यांच्यापाशी स्वराचे धडे घेतले, त्या प्रदेशातील श्रोत्यास भर समुद्रात एक तंबोराही ऐकू येऊ नये, याचे मला मनापासून दुःख होते.

यावर असे उत्तर देण्यात येते की, ख्याल हा बैठकीचा प्रकार, तो जलप्रवासास मानवणारा नव्हे. हे उत्तर इतिहासास धरून नाही. काशीस होळीनंतर भरणारा बुढवा मंगल हा उत्सव गंगेच्या पात्रात बजऱ्यांवर होत असे. काशीनरेश आणि शहरातील रईस यांच्या आश्रयाने रात्र-रात्र ठुमरी आणि चैती रंगत आणि श्रोते नावांतून ऐकत. नौकेवर बसून एकाग्रतेने गाणे ऐकण्याची सवय आपल्या समाजास नवी लावावयाची नाही, ती होतीच.

किंबहुना माझे म्हणणे याच्याही पुढे जाते. आज जमिनीवर आपल्या संगीताची जी सर्वांत मोठी कुचंबणा होत आहे तिचे निवारण जहाजावर होऊ शकेल. राग हे प्रहराशी बांधलेले आहेत. परंतु शहरांतील मैफल संध्याकाळी साडेसहाला सुरू होते आणि दहाच्या आत आटोपावी लागते, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई केली आहे. नियम योग्य आहे, रुग्णांस आणि वृद्धांस झोप हवीच. परंतु त्यामुळे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या, 1953 पासून चालत आलेल्या आणि एके काळी पहाटेपर्यंत जागणाऱ्या उत्सवातही मालकंस आणि सोहनी यांना त्यांच्या वेळेवर जागा उरली नाही. दरबारी नऊ वाजता गायिली जाते आणि ललत तर बहुतेकांनी केवळ ध्वनिमुद्रिकेतच ऐकलेला असतो. भर समुद्रातील जहाजास शेजारी नसतात. पूर्वेकडे तोंड केलेल्या डेकवर उजाडण्यापूर्वीचा ललत, उन्हे चढल्यावरची तोडी, सूर्य पाण्यात उतरत असता मारवा, आणि मध्यरात्री दरबारी: चोवीस तासांचा संपूर्ण रागक्रम आपापल्या प्रहरी ऐकण्याची सोय आज अन्यत्र कोठे आहे?

व्यवहाराच्या अडचणी आहेत आणि त्या लहान नाहीत. खाऱ्या दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, स्वर उतरतो, आणि वातानुकूलित दिवाणखान्यात नेताच तीच पुडी ताणून स्वर चढतो. त्यामुळे वादकास हातोडी खाली ठेवता येत नाही आणि गायकाचा षड्ज क्षणभरही निर्धास्त राहत नाही. मिरजेचा तंबोरा, त्याचा भोपळा आणि त्याची जवारी ही तर याहूनही नाजूक. इंजिनाची अखंड घरघर एका ठराविक स्वरात चालते आणि तो स्वर तंबोऱ्याशी जुळेलच असे नाही. तेव्हा बैठक जहाजाच्या पुढील अंगास, यंत्रघरापासून दूर असावी लागेल, वाद्ये दोन दिवस आधी चढवून त्याच हवेत ठेवावी लागतील, आणि त्यांच्या देखभालीस जाणता कारागीर बरोबर न्यावा लागेल. या तजविजी खर्चिक आहेत. परंतु ज्या जहाजावर पोहण्याचे तलाव आणि जुगाराची टेबले यांची बडदास्त ठेवली जाते तेथे त्या अशक्य आहेत असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

प्रथम पालटावयास हवा तो करार. त्यात गायक-वादकाचे नाव प्रवासी म्हणून नव्हे, नोकर म्हणून नव्हे, तर निमंत्रित कलावंत म्हणून लिहिलेले असावे. बिदागी आधी ठरलेली असावी. बैठकीच्या वेळी त्या दालनात भोंग्यावरून घोषणा होणार नाही, मद्य दिले जाणार नाही आणि गाणे सुरू झाल्यावर दार उघडले जाणार नाही, ही कलमे त्यात असावीत. लक्षद्वीपच्या सफरीत जो एक सबंध दिवस केवळ पाण्यावर जातो, किनारा दिसत नाही आणि उतारूंस करण्यासारखे काही उरत नाही, तो दिवस पहिल्या प्रयोगास योग्य आहे. मोठे गवई यास रुकार देतील असे मला वाटते, कारण बिदागीपेक्षाही त्यांना हवी असते ती उठून न जाणाऱ्या श्रोत्यांची शाश्वती. आणि जहाजावरून मध्येच उठून घरी जाता येत नाही.