हिचं डोकं कुठेय?

जानेवारीत धाकट्या बहिणीला घेऊन सड्यावर गेले. तिच्या बाळंतपणाला सहा महिने झाले होते. बाळ आईकडे ठेवलं होतं, त्यामुळे आमच्याकडे जेमतेम दोन तास होते. रत्नागिरीत वाढूनही तिने कातळशिल्पं फक्त रीलमध्ये पाहिली होती, तीही ‘एलियन’वाल्या रीलमध्ये.

वाळलेलं गवत, काळा पडलेला जांभा आणि वारा. एवढंच असतं सड्यावर. आधी मासे दिसले, मग एक न ओळखू येणारं जनावर. थोडं पुढे कातळात कोरलेले दोन पाय, पावलं बाहेर वळलेली. रेषा कमरेपर्यंत येते आणि तिथेच संपते. वर कोरा दगड.

बहीण वाकून बघत राहिली. म्हणाली, “ताई, हिचं डोकं कुठेय?”

“काढलंच नाहीये. अशी चित्रं आणखीही सापडलीत.”

“मग ही श्वास कुठून घेते?”

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे कुंपण नाही आणि राखणदारही नाही.

ज्यांनी ही शिल्पं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. रत्नागिरी, राजापूर, लांजा आणि पुढे सिंधुदुर्गापर्यंत जांभ्याच्या सपाट माथ्यांवर ही चित्रं जमिनीवरच कोरलेली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून, गावकऱ्यांना विचारत, शेकडो चित्रं नोंदवली. आज ही संख्या दीड हजाराच्या वर आहे. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू अशी काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. काळाबद्दल एकमत नाही, पण बरेच अभ्यासक ती दहा हजार वर्षांहून जुनी मानतात.

या चित्रांमध्ये नुसत्या पायांच्या आकृत्या आहेत. अभ्यासक त्यांचं नातं मातृदेवतेशी, लज्जागौरीशी जोडतात. लज्जागौरी तुम्ही संग्रहालयात पाहिली असेल. गुडघे दुमडलेले, पाय फाकलेले, आणि डोक्याच्या जागी बहुतेकदा कमळ. तेर आणि भोकरदनला अशा मूर्ती सापडल्या आहेत. रा. चिं. ढेरे यांनी या देवीवर ‘लज्जागौरी’ हा अख्खा ग्रंथ लिहिला आणि तिला सर्जनाच्या उपासनेशी जोडलं. अर्थात कातळावरचे पाय आणि या मूर्ती यांच्यात हजारो वर्षांचं अंतर आहे. हे पाय बाळंतिणीचेच आहेत, असं दगडावर कुठेही लिहिलेलं नाही. पण ते तसे आहेत असं धरून चाललो, तर चित्रकाराला एक प्रश्न विचारायलाच हवा: वरचं अर्धं शरीर का सोडलंस?

येत नव्हतं म्हणून, हे उत्तर चालणार नाही. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधे उभा असलेला पूर्ण माणूस कोरलेला आहे. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटरचा आहे आणि त्याच्या आत मासे, पक्षी, जनावरं अशी सत्तरच्या आसपास चित्रं आहेत. एवढं सगळं हत्तीच्या पोटात मावतं आणि बाईला मात्र पोटही नाही. म्हणजे जे सुटलंय ते ठरवून सोडलंय.

बहिणीच्या वेळी मी अकरा तास तिच्यासोबत होते. प्रसूतीबद्दल मी जे काही वाचलं होतं ते सगळं कमरेखालचं होतं. प्रत्यक्षात सगळं काम वर चाललेलं होतं. डोळे, जबडा, घसा, छाती. तिथल्या मावशी तिच्या कानाशी येऊन एकच गोष्ट सांगत होत्या: “तोंडाने सोड गो, तोंडाने सोड. आता घे.” मी तिचा हात धरून स्वतःच श्वास रोखून उभी होते, तेव्हा मावशींनी मलाही झापलं. कळ आली की श्वास, कळ गेली की श्वास. ते अकरा तास मला तिच्या श्वासावरूनच आठवतात. कातळावरच्या बाईला त्यातलं काहीच दिलेलं नाही. जन्म कोरलाय, जन्म देणारी कोरलेली नाही. तिच्या कानाशी बसलेली तर नाहीच नाही.

माझी तक्रार दहा हजार वर्षांपूर्वीच्या कलाकारापेक्षा आपल्याशी जास्त आहे. ‘मातृदेवता’ म्हटलं की आपण हात जोडतो आणि पुढे निघतो. देवीला धाप लागत नाही. देवीला टाके पडत नाहीत. तिला शेकशेगडी, बाळंतकाढा, अळिवाची खीर लागत नाही, रात्री तीनला बाळ घ्यायला कुणी लागत नाही. बाईची देवी केली की तिला सांभाळलं कोणी, हा प्रश्न आपोआप मिटतो. शिल्पांची माहिती सांगणारेही लांबी, रुंदी, काळ सांगतात, पण हा प्रश्न विचारत नाहीत.

याच्या नेमकं उलटं काम करणारी एक कलाकृती मी फोटोंतून पाहिली आहे. मेरी केली या कलावतीने १९७३ ते १९७९ या काळात ‘पोस्ट-पार्टम डॉक्युमेंट’ हे काम केलं. मुलाने काय खाल्लं त्याच्या नोंदी, लंगोटातले डागाळलेले अस्तराचे कागद, त्याचे पहिले शब्द, पहिल्या रेघोट्या, असं सगळं तिने चौकटीत लावलं. १९७६ मध्ये त्याचा काही भाग लंडनमध्ये मांडला, तेव्हा ते डाग बघून वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. या कामात आईचं शरीर कुठेच नाही, फक्त सांभाळ आहे. आपल्या सड्यावर फक्त शरीर आहे, सांभाळ नाही. दोन्ही ठिकाणी आईचा चेहरा नाही, हेही मला खटकतं. पण केली निदान रोजच्या कामाला भिंतीवर जागा देते. सड्यावरचं चित्र पाहताना ते काम आपल्याला मनातच भरावं लागतं.

उद्या या शिल्पांजवळ माहिती केंद्रं उभी राहतील. त्यात पुरातत्त्ववाले असतील, भूगर्भवाले असतील. माझी मागणी साधी आहे: तिथे एखादी सुईणही असू दे. कोकणात घरीच बाळंतपणं केलेल्या म्हाताऱ्या अजून हयात आहेत. त्यांचे आवाज रेकॉर्ड करा, त्या पायांजवळ उभं राहून ते ऐकता येऊ देत. कुठल्या कळेला काय सांगायचं, बाळ रडलं नाही तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक आहे. दगडावर जी जागा कोरी आहे तिथे कोणाचा आवाज होता, ते त्यांच्याकडून कळेल.

सांभाळ दगडालाही लागतो. उक्षीच्या हत्तीभोवती संरक्षण उभं राहिलं, तसं नशीब सगळ्या शिल्पांचं नाही. बरीचशी खासगी जमिनीवर आहेत. एखादी चिरेखाण पुढे सरकली किंवा कलमं लावायला सडा फोडला की ती कायमची जातात. जी टिकली आहेत ती कुणीतरी तिथे सुरुंग लावला नाही म्हणून, कुणीतरी रेषांमधली माती झाडली म्हणून. त्यांचीही नावं फलकावर नसतात.

निघायची वेळ झाली. उजव्या पावलाच्या रेषेत माती आणि गवताच्या काड्या साचल्या होत्या. बहिणीने ओढणीच्या टोकाने त्या हलकेच बाजूला केल्या. बाळाचं नाक पुसते तशाच. मग आईचा फोन आला: “उठलाय तो. या आता.”

गाडीकडे येताना सड्याचा चढ आम्ही जरा घाईतच चढलो. वर पोचल्यावर ती थांबली, कमरेवर हात ठेवून तिने दोनतीनदा तोंडाने श्वास सोडला आणि हसली.

“बघ,” ती म्हणाली, “अजून येतंय मला.”