गोव्याच्या नदीतला ‘मासा’

आमच्या पिंपळनेरला समुद्र नाही. पांझरेतले मासे आम्ही पाहिले, देवमासा मात्र ऐकीव. म्हणूनच असेल, न पाहिलेले जलचर कागदावर उतरवणाऱ्यांविषयी आम्हांला कुतूहल वाटते. या चित्रांविषयी बोलताना सहसा एक सोपी वाटणी होते: युरोपची कोरीव चित्रे म्हणजे निरीक्षण, आणि अल-कझवीनीचे तेराव्या शतकातले ‘अजाइबुल-मखलूकात’ म्हणजे गप्पा. ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

१५९८ साली हॉलंडच्या किनाऱ्यावर एक देवमासा वाहून आला. होल्त्झियसच्या चित्रावरून याकोब माथामने तो तांब्याच्या पत्र्यावर कोरला. भोवती बघ्यांची गर्दी, काहीजण तर त्याच्या अंगावर चढलेले. एवढे जवळून पाहूनही पोहण्याचा पर डोळ्याशेजारी सरकला आणि त्याचा कान झाला! १६०१ साली इटलीत आंकोनाच्या देवमाशाचे चित्र ‘हुबेहूब’ म्हणून छापले गेले. त्यातही तोच कान. म्हणजे समोर मासा असताना चित्राचीच नक्कल केली.

गोव्याची हकीकत याहून बोलकी आहे. लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे तिथल्या आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात, माशांच्या प्रकरणात, तो गोव्याच्या नदीत धरलेला एक अजब ‘मासा’ सांगतो. कुत्र्याएवढा, डुकरासारखे तोंड, चार पाय, अंगभर लोखंडासारखे खवले. दालनात फुरफुरत पळायचा. मारले की चेंडूसारखी गुंडाळी करायचा, ती कुणालाच उलगडेना. सोडून दिले की आपोआप उघडून पळू लागे. आमच्या डोंगराकडचा कुणीही हे ऐकून सांगेल, अहो, हे तर खवल्या मांजर! लिन्शोटेनच्या डोळ्यांनी काहीच चुकवले नाही. खवले दिसले, नदीत सापडले, एवढ्यावर त्याला माशांच्या खान्यात टाकले गेले.

कझवीनीने प्रस्तावनेतच अजबची व्याख्या दिली आहे: कारण न कळल्याने माणसाला होणारी हैराणी. मधमाशीचे षट्कोनी घरही त्याला अजबच वाटते; सवयीने आपल्याला ते वाटेनासे होते. बेटाएवढ्या कासवाची गोष्ट तो एका व्यापाऱ्याच्या तोंडून सांगतो, स्वतः पाहिल्याचा आव आणत नाही. झुरिकच्या गेस्नरने १५५८ च्या ग्रंथात पाठीवर चूल पेटवलेला देवमासा छापला, तोही दुसऱ्याच्या नकाशावरून उचललेला. एकाला शास्त्रज्ञ म्हणायचे आणि दुसऱ्याला गप्पिष्ट, हा कुठला न्याय?

गोव्याच्या त्या प्राण्याचे चित्र आर्चबिशपने काढवून घेतले आणि नवलाची वस्तू म्हणून स्पेनच्या राजाकडे धाडले. तिथेही ते मासा म्हणूनच पाहिले गेले असणार.