मात्रेचा मान

संगणकास द्यावयाच्या आज्ञांच्या संग्रहाचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत पाहून कित्येकांस नवल वाटेल. परंतु जेथें सूत्र आहे आणि त्यावर भाष्य आहे, तेथें टीकाकारास मज्जाव नसावा. 'जावा' या संगणकभाषेंत 'अपाची कॉमन्स लँग' नांवाचा, सर्वांस विनामूल्य खुला असा एक संग्रह आहे. नित्याच्या लहानसहान कामांच्या तयार कृती त्यांत मिळतात. पहिली आवृत्ति २००२ सालीं निघाली. त्यांतील 'स्ट्रिंगयूटिल्स' हें प्रकरण मजकुराची तपासणी व फिरवाफिरव करण्याचें होय.

या संग्रहाचा मोठा गुण असा कीं, सूत्र व भाष्य एकाच पानावर नांदतात. कृति काय करते हें थोडक्यांत सांगून लागलींच उदाहरणें दिलेलीं आहेत. मजकूर रिकामा असल्यास काय, मुळींच नसल्यास काय, याचाहि खुलासा आहे. आमच्या कित्येक टीकाकारांनीं हा धडा घेण्याजोगा आहे. 'केवळ अंक आहेत काय' हें पाहणाऱ्या कृतीच्या उदाहरणांत तर आपल्या देवनागरी १२३ या अंकांसहि स्थान मिळालें आहे.

आतां दोष सांगणें प्राप्त आहे. 'केवळ अक्षरें आहेत काय' हें पाहणाऱ्या 'इजअल्फा' या कृतीस आम्हीं आमच्या गांवाचें नांव दिलें, 'पनवेल'. उत्तर आलें, नाहीं! 'कमल' हें नांव तिला मान्य, 'कमला' अमान्य. याचें कारण सूत्रांत सांपडतें. जगांतील लिप्यांच्या चिन्हांस क्रमांक व वर्ग देणारें युनिकोड नांवाचें जें कोष्टक आहे, त्यांत 'व' हें अक्षर, पण त्यावरील मात्रा हें निराळें जोडचिन्ह. कृति एकेक चिन्ह तपासते आणि मात्रेपाशीं अडते. भाष्यांत 'युनिकोड अक्षरें' एवढेंच म्हटलें आहे. तें असत्य नव्हे. परंतु 'वे' हें एकच अक्षर मानणाऱ्या वाचकाची त्यानें फसगतच होते. अशा भाष्यावर विसंबून कोणीं नांवें तपासण्याची व्यवस्था केली, तर अर्ज भरणाऱ्या कमलेस आपलेंच नांव चुकीचें ठरल्याचें पाहावें लागेल.

सूत्र बदलावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यावर विसंबलेलीं इतर कामें बिघडतील. भाष्यांत मात्रायुक्त शब्दाचें एक उदाहरण घातलें तरी पुरे. संग्रह खुला असल्यानें अशी दुरुस्ती सुचविण्यास आमच्या विद्यार्थ्यांसहि आडकाठी नाहीं. त्यांनीं ती अवश्य सुचवावी.