कुंगफू, म्हणजे सवड

कुंगफू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उघड्या अंगाचा ब्रूस ली उभा राहतो. १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन'नंतर तर दुसरा अर्थ आठवतच नाही. पण बीजिंगमधल्या कुणाला चहाला बोलावले आणि तो 'मेई कुंगफू' म्हणाला, तर त्याला मारामारी येत नाही असे समजू नका. त्याला सवड नाही, एवढेच. लढण्याच्या विद्येला तिकडचा रीतसर शब्द 'वूशू'.

शब्दात अक्षरे दोन. पहिल्यात सुताराचा गुण्या दिसतो असे म्हणतात: वरखाली दोन आडव्या रेघा, मध्ये एक उभी, अर्थ काम. दुसरे म्हणजे हात पसरून उभा असलेला, केसांत काटा खोवलेला बाप्या. कामाचा गडी. श्रमाला वेळ लागतो, म्हणून वेळ. वेळ दिला की हात बसतो, म्हणून कसब. मला या शब्दाची गोडी इथे लागली. बाराव्या शतकातल्या चू शी या तत्त्वज्ञाने मनाच्या मशागतीलाही हाच शब्द लावला.

चीनमधल्या चाओचौचा 'कुंगफू चहा' पाहा. मुठीत मावेल एवढी मातीची किटली, ऊलाँगच्या पानांनी ठासून भरलेली. समोर घोटभर चहाचे तीन पेले. उकळते पाणी घालायचे, पहिले ओतून टाकायचे. मग किटली पेल्यांवरून गोल गोल फिरवत चहा ओतायचा, कारण आधीची धार फिकी, नंतरची कडक. या फेरीचे नाव 'क्वान कुंगची नगरफेरी'. उरलेले थेंब एकेका पेल्यात टपटप पाडणे म्हणजे 'हान शिनने घेतलेली फौजेची हजेरी'. दोघेही जुने सेनापती. घोटभर चहाला दोन सेनापती जुंपणे सवड असलेल्यालाच सुचेल!

जपानात या शब्दाचा 'कुफू' झाला. तेराव्या शतकातल्या झेन गुरू दोगेनच्या लिखाणात ती साधना आहे; आज ती डोकेबाज युक्ती. कामगारांनी सुधारणा सुचवाव्यात म्हणून टोयोटाने १९५१ मध्ये योजना काढली, तिच्या नावातही 'सोई कुफू' आहे. आपला जुगाड मात्र मी त्याच्या पंक्तीला बसवणार नाही. जुगाडात वेळ मारून नेलेली असते, कुफूत वेळ घातलेला असतो.

व्हिएतनाममध्ये 'कोंग फू' म्हणजे निगुतीने केलेले. बौद्ध मठांतल्या नित्यपाठालाही तेच नाव.

आणि कोरियात 'कोंगबू' म्हणजे चक्क अभ्यास. आई पोराला 'कोंगबू कर' म्हणते तेव्हा लाथा झाडायच्या नसतात, गणिते सोडवायची असतात. आपला 'अभ्यास' याच्या शेजारी अगदी ऐसपैस बसतो. तोही योगसूत्रांत वैराग्याचा जोडीदार, आणि संध्याकाळी वहीतला गृहपाठ.